केळीचे गणगोत

सत्यनारायणाच्या पूजेला चौरंगाच्या चारी बाजूंस आपण केळीचे खुंट बांधतो, प्रसादात केळे कुस्करतो, पंगतीला केळीचे पान मांडतो आणि केळफुलाची भाजी आवडीने खातो. इतका घरोबा असूनही एक साधा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांना पडला असेल : केळ्याचे बी कुठे आहे? आंबा खाल्ला की कोय उरते, फणसाच्या आठळ्या उरतात, सीताफळात तर गरापेक्षा बियांचीच गर्दी जास्त. केळे मात्र सोलले आणि संपले. मागे राहते ती साल.

एखादे पिकलेले केळे आडवे कापून नीट पाहा. मध्यभागी तीन कप्पे आणि त्यांत बारीक काळसर ठिपके दिसतील. हे ठिपके म्हणजे जन्माला न आलेली बीजे होत. फळात बी धरण्याची सारी मांडणी केळीच्या अंगी असते. पण बीज वाढत नाही, आणि नवल असे की बीज नसतानाही फळ मात्र भरते. परागाचा स्पर्श न होता फळ गराने भरून येण्याच्या या क्रियेला वनस्पतिशास्त्रात अनिषेकफलन असे नाव आहे. रानातल्या केळीला हे साधत नाही. तिथे पराग मिळाला नाही तर फळ सुकट, पोकळ राहते. मिळाला तर फळात काळ्या, दातांना न जुमानणाऱ्या बियांची दाटी होते आणि गर नावापुरता उरतो. वटवाघूळ, माकड, उदमांजर यांचे तेवढ्यावर भागते. माणसाचे भागले नसते.

मग बिनबियांची केळ आली कुठून? रानातल्या एखाद्या केळीला खतपाणी घालून माणसाने ती सुधारली, असे उत्तर सहज सुचते. ते खरे नाही. आपल्या बागेतल्या केळीला एक आई आणि एक बाप नाहीत. तिच्या अंगात निदान दोन जातींचे आणि अनेक उपजातींचे रक्त आहे, आणि ते समुद्रापलीकडच्या बेटांवरून जमा झालेले आहे. हे गणगोत शोधून काढण्यास वनस्पतिशास्त्रज्ञांना दोनशे वर्षे लागली आणि काम अजून पुरे झालेले नाही. हा शोध केवळ विद्वानांच्या हौसेचा आहे असेही कोणी समजू नये. रावेर-यावलच्या केळीच्या बागांचे भवितव्य त्यात गुंतलेले आहे. ते कसे, हे ओघाने येईलच.

आधी केळीची शरीररचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. केळ हे झाड नव्हे. ज्याला आपण खोड म्हणतो ते पानांच्या आवरणांचे, म्हणजे सोपटांचे, एकावर एक गुंडाळलेले वेढे असतात. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्या कंदातून एकदाच फुलोरा वर चढतो, घड धरतो, आणि मग तो बुंधा मरतो. पण मरण्यापूर्वी कंदाच्या अंगाला पासंबे फुटलेले असतात. ते वेगळे करून लावले की नवी केळ. अर्थात ही नवी केळ म्हणजे जुन्या केळीची मुलगी नव्हे. तीच केळ पुन्हा. बी नसलेली केळ हजारो वर्षे जगली ती या पासंब्यांच्या आणि ते उचलून दुसरीकडे लावणाऱ्या माणसाच्या जोरावर.

आता कुलाकडे वळू. केळीच्या कुलात तीन प्रजाती मोडतात. पहिली मुसा, म्हणजे खरी केळ. दुसरी एन्सेटे. तिसरी मुसेला, चीनच्या युन्नान भागातली ही बुटकी, सोनेरी कमळासारखे फूल धरणारी वनस्पती. यांपैकी एन्सेटे आपल्या अगदी ओळखीची आहे, मात्र नावाने नव्हे. सह्याद्रीच्या कड्याकपारींत पावसाळ्यात जी रानकेळ दिसते, जिला कोठे कवदर तर कोठे चवेणी म्हणतात, तीच ही. गडांवर जाणाऱ्यांनी ती नक्की पाहिली असेल. उन्हाळ्यात तिचा वरचा भाग सुकून जातो, खडकातल्या मातीत कंद तेवढा राहतो, आणि पावसाबरोबर रुंद पाने पुन्हा वर येतात. काही वर्षांनी तिला एकदाच फूल येते, बियांनी गच्च भरलेला घड धरतो आणि ती मरते. तिला पासंबे फुटत नाहीत. म्हणून कड्यावरची प्रत्येक कवदर बियांतून जन्मलेली असते. विल्यम रॉक्सबर्गने तिला मुसाच्या यादीत घातले होते. १९४७ मध्ये ई. ई. चीझमन या वनस्पतिशास्त्रज्ञाने एन्सेटे ही जुनी, विस्मृतीत गेलेली प्रजाती पुन्हा उभी केली आणि कवदर तिच्या खऱ्या घरी गेली. तिची एक आफ्रिकी बहीण इथिओपियात लक्षावधी लोकांचे मुख्य अन्न आहे. मात्र तिथे फळ खात नाहीत, कंद आणि बुंध्यातले पीठ खातात.

कवदर आणि केळ वेगळ्या, हे केवळ दिसण्यावरून ठरलेले नाही. प्रत्येक पेशीत गुणसूत्रे नावाचे धागे असतात, आणि त्यांच्यावर वंशाचे सारे लेखन असते. हे धागे जोडीने असतात. एक आईकडून, एक बापाकडून. कवदरीच्या पेशीत अशा नऊ जोड्या. रानातल्या खऱ्या केळींत काहींना अकरा, काहींना दहा. हा आकडा म्हणजे गोत्रासारखा समजावा. चीझमनने मुसा प्रजातीचे चार गट पाडले, तेव्हा अकरा जोड्यांचे दोन आणि दहा जोड्यांचे दोन असे ते होते. अकरांतला एक गट लोंबत्या केळफुलांचा, दुसरा उभ्या, रंगीत, बागेत शोभेसाठी लावाव्यात अशा लहान केळींचा. दिसायला दोन्ही इतके निराळे की त्यांना एक म्हणण्याचे धाडस कोणी केले नसते.

पण पुढे पेशीतले लेखन, म्हणजे डीएनए, प्रत्यक्ष वाचता येऊ लागले, आणि ही भिंत कोसळली. लोंबत्या आणि उभ्या केळी एकमेकींत मिसळलेल्या निघाल्या. एखादी उभी केळ दुसऱ्या उभ्या केळीपेक्षा लोंबत्या केळीला जवळची निघे. २०१३ मध्ये फिनलंडच्या मार्कू हाक्किनेन यांनी चारांचे दोनच गट केले : अकरांचा एक आणि दहांचा एक. जुन्या मोजणीने जे सांगितले होते तेच खरे ठरले, आणि डोळ्यांना जे दिसत होते ते फसवे. मग उभ्या-लोंबत्याचा भेद आला कुठून? त्याचे उत्तर रात्र आणि दिवस यांत आहे. लोंबत्या केळफुलाचे छद रात्री उघडतात आणि वटवाघळे मध प्यायला येतात. उभ्या, भडक रंगाच्या फुलांवर दिवसा शिंजीर येतात. पाहुणा बदलला तसे फुलाने रूप बदलले. घराणे तेच राहिले.

दहांच्या गटातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या धाग्यांचे मनिला दोर जहाजांवर वापरीत तो अबाका फिलिपिन्समधल्या एका केळीच्या सोपटातून निघतो. ती याच गटातली. पॅसिफिक बेटांवरची फेई केळी याच घराण्यातली. तिचा घड खाली न लोंबता आकाशाकडे उभा राहतो आणि गर गर्द नारिंगी असतो. न्यूगिनीच्या डोंगरांतली मुसा इन्जेन्स ही केळीतली भीमकाय, आणि तिच्यात गुणसूत्रांच्या जोड्या सातच. देह सर्वांत मोठा आणि धागे सर्वांत कमी! आकडा कमी म्हणजे लेखन कमी असे मात्र नाही. दोन धागे जुळून एक झाला तरी आकडा घटतो.

हे कुल किती जुने? अमेरिकेच्या ओरेगन राज्यात सुमारे सव्वाचार कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत एन्सेटेच्या बियांचे जीवाश्म सापडले आहेत, आणि आज अमेरिका खंडात केळीच्या कुलातले एकही झाड आपोआप उगवत नाही. तेव्हा पृथ्वी उष्ण होती, एवढा बोध त्यातून घेऊन पुढे जाऊ. खऱ्या केळीचे माहेर मात्र ब्रह्मदेश, ईशान्य भारत, दक्षिण चीन यांच्या सीमेवरचा डोंगराळ टापू असावा, असे आजचे मत आहे. तिथून ती दक्षिणेला मलाया, जावा, बोर्निओ, फिलिपिन्स, न्यूगिनी अशी बेटांवर पसरली. समुद्र चढला की बेटे तुटत, उतरला की जुळत. तुटलेल्या बेटावर राहिलेली केळ हळूहळू निराळी होई. आपल्या कथेतली पुढची गुंतागुंत या भरती-ओहोटीतून निघालेली आहे.

आता खाण्याच्या केळीकडे येऊ. लिनियसने १७३६ मध्ये हॉलंडमधल्या एका श्रीमंताच्या काचघरात फुललेल्या केळीवर एक छोटे पुस्तकच लिहिले, आणि पुढे १७५३ मध्ये तिला मुसा पॅराडिसियाका, म्हणजे स्वर्गातली केळ, असे नाव दिले. मुसा हा शब्द अरबी मौझवरून आला, आणि मौझचा संबंध आपल्या संस्कृत मोचाशी लावतात. नाव सुरेख, पण ज्या केळीला ते दिले ती वांझ संकर होती. रानात तिच्यासारखी केळ कोठेही नाही. म्हणजे वंशावळीचे पहिले पान लिहिले गेले तेच निपुत्रिकाच्या नावाने. खऱ्या पूर्वजांना नावे मिळाली ती १८२० मध्ये, इटलीतल्या तुरीन येथे लुइजी कोल्ला यांच्याकडून : मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. आपण सोयीसाठी त्यांना अ आणि ब म्हणू. दोघी अकरा जोड्यांच्या. दोघींत बिया. एकमेकींपासून त्या सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वी दुरावल्या. ब ही दणकट, थंडी व पाण्याची ओढ सोसणारी. आसामातले बियांनी भरलेले भीमकोळ हे ब जातीचेच, आणि त्याचे पीठ तिथे लहान मुलांना भरवतात.

खाण्याच्या केळी या दोघींपासून झाल्या असाव्यात, असा तर्क कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात काम करणारे सुल्पिझ कुर्झ यांनी १८६० नंतरच्या दशकात मांडला होता. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. चीझमनने तो पुन्हा उचलला आणि पुराव्यानिशी सिद्ध केला तो १९५५ मध्ये नॉर्मन सिमंड्स आणि केनेथ शेफर्ड यांनी. हे दोघे वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या शेतकी महाविद्यालयात होते. त्यांची युक्ती इतकी साधी की शेतकऱ्यालाही करता यावी. अ आणि ब यांच्यात फरकाची पंधरा लक्षणे त्यांनी निवडली. देठाची पन्हळ : अ मध्ये उघडी, ब मध्ये कडा मिटलेल्या. केळफुलाचा छद : अ मध्ये उघडल्यावर मागे गुंडाळतो, ब मध्ये नुसता उचलला जातो. कप्प्यातली बीजके : अ मध्ये दोन सरळ रांगा, ब मध्ये चार वाकड्यातिकड्या. प्रत्येक लक्षणाला एक ते पाच गुण. शुद्ध अ ला पंधरा, शुद्ध ब ला पंचाहत्तर, आणि मधले सारे संकर. त्याच्या जोडीला गुणसूत्रे मोजली की केळीची जन्मपत्रिका तयार.

या पत्रिकेत आपल्या ओळखीच्या केळी बसवून पाहा. सफेद वेलची : अ एक भाग, ब एक भाग. कोकणातली राजेळी, जिची वसईकडे सुकेळी करतात : अ दोन भाग, ब एक भाग. जळगावची बसराई आणि आज तिच्या जागी सर्वत्र लागलेली ग्रँड नैन : तिन्ही भाग अ, ब चा अंशही नाही. बाजारात एकाच गाडीवर शेजारी शेजारी असलेल्या या तीन केळी कुळाने इतक्या निराळ्या आहेत. ब चा अंश असलेल्या पुष्कळ केळी आपल्या देशात घडल्या असाव्यात असे सिमंड्स यांचे मत होते : पूर्वेकडून आलेल्या अ ला इथली रानातली ब भेटली. मत पटण्यासारखे आहे, पण सर्वच ठिकाणी लागू नाही. राजेळी ज्या कुळातली आहे त्या केळींतला अ चा अंश थेट न्यूगिनीच्या उपजातीशी जुळतो.

तिन्ही भाग म्हणजे काय, हे आता सांगितले पाहिजे, कारण वांझपणाचे मर्म त्यात आहे. रानातल्या केळीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. बी धरण्यापूर्वी या प्रती फुगडी घालणाऱ्या मुलींसारख्या समोरासमोर उभ्या राहतात आणि मग नीट विभागल्या जातात. बसराईत प्रत्येकीच्या तीन प्रती, एकूण तेहतीस. फुगडीला तिघी जमल्या तर एक उरणारच. वाटणीचा घोळ होतो आणि बीज मरते. या तीन प्रती आल्या कशा? कधी कधी अर्धे लेखन देण्याऐवजी एखादी केळ बीजात आपले पूर्ण लेखन तसेच देऊन टाकते. दुसरीकडून अर्धे आले की झाली त्रिगुणित केळ : मोठी, जोमदार, गराने भरलेली आणि निर्वंश. माणसाने असली केळ पाहिली आणि पासंबे उचलले.

पण पूर्ण लेखन देण्याची चूक केळ का करते? याचे उत्तर बेटांकडे जाते. अ जातीच्या अनेक उपजाती आहेत : न्यूगिनीची बँक्सीई, मलायाची मलाक्केन्सिस, जावाची झेब्रिना, ब्रह्मदेशची बर्मानिका आणि आणखी काही. निरनिराळ्या बेटांवर वाढताना त्यांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती निरनिराळ्या बांधणाऱ्यांकडे दिल्या आणि एकाने सातव्या खंडाची काही पाने पहिल्यात शिवली, तसे. प्रत्येक प्रत आपल्या घरी पुरी वाचता येते. पण दोन घरच्या प्रती एकत्र केल्या की पाने जुळत नाहीत. अशा संकरांत बीज कमी धरते आणि वाटणीही चुकते. बेटावरून बेटावर केळी नेल्या कोणी? माणसाने. न्यूगिनीच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर कुक नावाची दलदल आहे. तिथल्या मातीत केळीच्या पानांतले गारेचे सूक्ष्म कण सापडले, आणि सुमारे साडेसहा ते सात हजार वर्षांपूर्वी तिथे मातीचे उंचवटे करून केळी लावीत असत, असा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. होडीतून निघालेल्या माणसाने पासंबे बरोबर घेतले, आणि समुद्राने तोडलेल्या बहिणी त्याच्या परसात पुन्हा भेटल्या.

हे नुसते कल्पनेचे चित्र नव्हे. केळीच्या पेशीत गुणसूत्रांखेरीज आणखी दोन ठिकाणी डीएनए असतो : पानातल्या हरितकणांत आणि श्वसनाचे काम करणाऱ्या तंतुकणिकांत. बहुतेक वनस्पतींत दोन्ही आईकडून येतात. केळीत मात्र, १९९४ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, हरितकण आईचे आणि तंतुकणिका बापाच्या. इतकी सोय निसर्गाने वंशावळ लिहिणाऱ्यांची क्वचितच केली असेल! त्यावरून पाहता खाण्याच्या बहुतेक केळींत बँक्सीईचा अंश निघाला. पण ती एकटी नव्हे. तिच्याबरोबर झेब्रिना आहे, मलाक्केन्सिस आहे. जगातल्या बाजारपेठा भरणाऱ्या कॅव्हेंडिश केळीचे, म्हणजे आपल्या बसराई आणि ग्रँड नैनचे, दोन भाग म्लाली नावाच्या एका केळीकडून आलेले आहेत. म्लालीच्या कुळातल्या केळी आज पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि कोमोरो बेटांवर लावतात. तेच दोन भाग ग्रो मिशेल या केळीतही आहेत. म्हणजे या दोघी सख्ख्या बहिणींइतक्या जवळच्या. आणि इथेच चिंतेचा विषय सुरू होतो.

ग्रो मिशेल ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परदेशी व्यापाराची मुख्य केळ होती. जमिनीतून मुळांत शिरणाऱ्या एका बुरशीने, जिच्या रोगाला पनामा मर म्हणतात, १९६० च्या सुमारास तिच्या बागा उठवल्या. मध्य अमेरिकेत हजारो एकर ओस पडले. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, कारण त्या बुरशीला ती बळी पडत नव्हती. परंतु त्याच बुरशीचा नवा प्रकार आग्नेय आशियात उद्भवला, आणि तो कॅव्हेंडिशलाच मारतो. २०१९ मध्ये तो कोलंबियात पोहोचला. आपल्याकडे बिहार व उत्तर प्रदेशात त्याची नोंद झालेली आहे. बुरशीचे बीजाणू मातीत कित्येक वर्षे टिकतात. आणि आपल्या बागांत काय आहे? प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत वाढवलेली लाखो रोपे, सगळी एकच केळ. एक पडली तर दुसरी उभी राहण्याचे कारण नाही. बियांतून होणाऱ्या पिकात दर पिढीला पत्ते पिसले जातात, एखादे झाड वाचते. इथे शतकानुशतके तोच डाव चालला आहे.

मग पत्ते पिसावयाचे कुणी? ज्यांना बी आहे त्यांनी. त्रिनिदादच्या महाविद्यालयात १९२२ पासून हाच उद्योग चालला होता, आणि सिमंड्स-शेफर्डांचा अभ्यास त्यातूनच निघाला. ग्रो मिशेलच्या फुलावर रानकेळीचा पराग घातला तर क्वचित एखादे बी धरते. त्या बियांतून नवी केळ मिळते. यात कलकत्त्याहून गेलेली म्हणून ‘कलकत्ता चार’ या नावाने ओळखली जाणारी ब्रह्मदेशी रानकेळ फार उपयोगी पडली. खाण्याच्या कामाची ती मुळीच नाही, बियांची पोतडी आहे. पण १९६३ मध्ये फिजी बेटांवर आढळलेला आणि पुढे जगभर पसरलेला पानांचा काळा करपा तिला शिवत नाही, आणि हा गुण तिने नायजेरियात तयार केलेल्या संकरांना दिला. मलाक्केन्सिसच्या काही रोपांत नव्या पनामा मराला तोंड देणारे जनुक आहे. ऑस्ट्रेलियात जेम्स डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कॅव्हेंडिशमध्ये घातले, २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध केला, आणि २०२४ मध्ये त्या केळीला तिथल्या सरकारी यंत्रणांची परवानगी मिळाली. जनुकबदल केलेले फळ खावे की न खावे, यावर मतभेद आहेत आणि राहतील. पण ते जनुक माणसाने बनवलेले नाही, मलायाच्या रानातून घेतलेले आहे, एवढे दोन्ही पक्षांनी ध्यानात ठेवावे.

रानाकडून येते ते सगळे वरदानच असते असे नाही. ब जातीच्या लेखनात एका विषाणूचे लेखन कधीकाळी शिवले गेले आहे. रानातल्या ब मध्ये तो निद्रिस्त असतो. अ शी संकर केला किंवा ऊतिसंवर्धनाचा ताण पडला की जागा होतो आणि पानांवर पट्टे उमटतात. यामुळे कित्येक वर्षे संकरकारांना ब ला हात लावण्याची भीती वाटे. २०१९ मध्ये नैरोबीतल्या संशोधकांनी राजेळीच्या कुळातल्या एका आफ्रिकी केळीत ते विषाणूचे लेखन निकामी करून दाखवले, तेव्हा वाट थोडी मोकळी झाली.

२०१२ मध्ये मलाक्केन्सिसच्या एका केळीचे संपूर्ण लेखन फ्रेंच शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाले : सुमारे साडेबावन्न कोटी अक्षरे आणि ३६ हजारांहून अधिक जनुके. ब चे संपूर्ण लेखन २०१९ मध्ये चांगल्या रीतीने वाचले गेले. मूळ प्रती अशा हाती आल्यावर बागेतल्या केळींचे एकेक गुणसूत्र तुकड्यातुकड्याने ताडून पाहता येऊ लागले : हा तुकडा न्यूगिनीचा, हा जावाचा, हा मलायाचा. गोधडीचे तुकडे कुणाच्या कोणत्या लुगड्याचे ते आजीने सांगावे, तसे. बहुतेक तुकडे जुळले. पण काही कोणत्याच ज्ञात रानकेळीशी जुळेनात. २०२२ मध्ये ज्युली सार्दोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की खाण्याच्या केळींच्या अंगात निदान तीन अज्ञात पूर्वजांचे अंश आहेत. एक सयामच्या आखाताच्या बाजूचा, दुसरा उत्तर बोर्निओ आणि फिलिपिन्स यांच्या दरम्यानचा, तिसरा न्यूगिनीचा, असा त्यांचा अंदाज. आपल्या रोजच्या केळ्यात ज्याचा अंश आहे असा पूर्वज अद्याप कोणी पाहिलेला नाही!

तो आहे की गेला? रानकेळ ही दाट, जुन्या अरण्यातली वनस्पती नव्हे. दरड कोसळली, झाड पडले, ओढ्याकाठी ऊन आले की ती उगवते, आणि रान पुन्हा दाटले की मागे हटते. त्यामुळे थोड्याफार तोडीने ती मरत नाही. डोंगरच्या डोंगर साफ करून तेलमाडाच्या किंवा रबराच्या बागा लावल्या की मात्र तिला हटायलाही जागा राहत नाही. बेल्जियममधल्या लूव्हेन येथे १९८५ पासून जगातल्या केळींचा एक संग्रह आहे. पंधराशेहून अधिक प्रकार तिथे परीक्षानळ्यांत आणि द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत जपलेले आहेत. आपल्याकडे तिरुचिरापल्लीला १९९३ मध्ये केळीसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. तिथेही ईशान्येकडच्या आणि दक्षिणेच्या रानकेळी आणून लावतात. पण या संग्रहांत भर पडावयाची तर कोणीतरी डोंगर चढून पानाचा तुकडा आणि मूठभर बिया आणल्या पाहिजेत. न्यूगिनी आणि आसपासच्या बेटांवर अशा शोधयात्रा झाल्या आहेत. तिथल्या गावकऱ्यांना त्या केळी ठाऊकच असतात. फळ खाण्यालायक नाही, पाने तेवढी बांधाबांधीला बरी, म्हणून त्यांनी त्या कुंपणापलीकडे राहू दिलेल्या असतात. त्यांच्या पानातला डीएनए आता गोधडीतल्या त्या न जुळलेल्या तुकड्यांशी ताडून पाहिला जात आहे.